इंजिनाचा हट्टी बिघाड आणि भरवशाचा मेकॅनिक

मुंबईहून अलिबाग, मुरूड किंवा थेट गोव्याकडे निघालेल्या मोटारी पनवेल सोडल्यावर कर्नाळ्याच्या सुळक्याखालून जातात, खारपाड्याला पाताळगंगा ओलांडतात आणि पेण तालुक्यातील जिते गावाच्या परिसरातून पुढे सरकतात. पूर्वी राष्ट्रीय महामार्ग क्रमांक १७ म्हणून ओळखला जाणारा आणि आता ६६ हा क्रमांक मिळालेला हाच तो रस्ता. १२ जानेवारी २०२४ रोजी शिवडी ते न्हावाशेवा हा सुमारे २१.८ किलोमीटरचा अटल सेतू खुला झाला आणि दक्षिण मुंबईतून या रस्त्याला लागणे अधिक सोपे झाले. शनिवार-रविवारी कौटुंबिक गाड्यांच्या रांगेत बुटक्या, रुंद टायरच्या, दोन आसनी स्पोर्ट्स कारही दिसतात. शहरातील सिग्नलवर कंटाळलेल्या इंजिनाला मोकळा रस्ता दाखवावा, या हेतूनेच बहुधा त्या बाहेर काढलेल्या असतात. आणि अनेकदा नेमके अशाच वेळी इंजिन आचके देऊ लागते.

मोटारीचे बिघाड ढोबळमानाने दोन प्रकारचे असतात. पट्टा तुटला, बॅटरी उतरली, रेडिएटर फुटला, हे सरळ बिघाड. कारण आणि परिणाम दोन्ही डोळ्यांसमोर असतात आणि रस्त्याकडेचे गॅरेजही ते दूर करू शकते. दुसरा प्रकार हट्टी बिघाडांचा. गाडी थंड असताना उत्तम चालते, अर्ध्या तासाने पिकअप सोडते. चढणीवर बंद पडते आणि वीस मिनिटे उभी राहिली की काही झालेच नाही अशा थाटात सुरू होते. गॅरेजच्या दारात पोहोचली की गुणी बाळासारखी वागू लागते. अशा बिघाडात मालकाचा पैसा जातो, वेळ जातो आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे सुरक्षितता धोक्यात येते. वडखळ-डोलवीच्या औद्योगिक पट्ट्याकडे जाणारे ट्रक आणि ट्रेलर रात्रंदिवस वाहणाऱ्या महामार्गावर ओव्हरटेक करताना इंजिनाने दम सोडला, तर काय होऊ शकते, हे सांगण्याची गरज नाही.

अशा वेळी मालकासमोर खरा प्रश्न उभा राहतो तो सुट्या भागांचा नव्हे, तर माणसाचा. विश्वास ठेवावा असा मेकॅनिक कोण आणि तो ओळखायचा कसा? या प्रश्नाचे उत्तर गॅरेजच्या पाटीवर किंवा फरशीच्या चकाकीवर अवलंबून नसते. ते मेकॅनिकच्या काम करण्याच्या पद्धतीत असते. थोडक्यात सांगायचे, तर जो आधी मोजतो आणि मग बदलतो, तो भरवशाचा. हे सूत्र वरवर सोपे वाटले, तरी त्यामागील कारणे समजून घेतल्याशिवाय ते व्यवहारात वापरता येत नाही.

दोष एकीकडे, लक्षण दुसरीकडे

पेट्रोल इंजिनाला चालण्यासाठी मोजक्याच गोष्टी लागतात. हवा आणि इंधन यांचे योग्य प्रमाणातील मिश्रण, ते पेटवणारी ठिणगी, सिलिंडरमधील पुरेसा दाब म्हणजे कॉम्प्रेशन आणि या सर्व क्रिया नेमक्या क्षणी घडवून आणणारे टायमिंग. यांपैकी कोणतीही गोष्ट बिघडली, तरी बाहेर दिसणारे लक्षण पुष्कळदा एकच असते. गाडी ‘मिसिंग’ मारते. प्लग खराब असला तरी मिसिंग, इंजेक्टर चोंदला तरी मिसिंग, व्हॉल्व्ह नीट बसत नसला तरी मिसिंग आणि एखाद्या वायरचा सांधा गंजला तरीही मिसिंगच. तापाच्या एका लक्षणामागे जसे दहा आजार असू शकतात, तसाच हा प्रकार आहे.

यावर उपाय म्हणून इंजिनाच्या संगणकातच स्व-निदानाची सोय करण्यात आली. अमेरिकेत १९९६ पासून विकल्या जाणाऱ्या मोटारींना ‘ओबीडी-२’ ही प्रमाणित पद्धत सक्तीची झाली. भारतात प्रवासी मोटारींसाठी ओबीडीचा पहिला टप्पा एप्रिल २०१० मध्ये आणि दुसरा टप्पा एप्रिल २०१३ मध्ये लागू झाला. डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागतो, तो याच व्यवस्थेचा भाग. स्टिअरिंगखालच्या सॉकेटला स्कॅनर जोडला की संगणकाने नोंदवलेला संकेतांक वाचता येतो. ‘पी ०३०१’ म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये ज्वलन चुकते आहे, ‘पी ०१७१’ म्हणजे मिश्रणात इंधन कमी आणि हवा जास्त आहे, अशी ही सांकेतिक भाषा आहे.

बहुतेक गैरसमजांचा आरंभ येथूनच होतो. संकेतांक म्हणजे निदान नव्हे. कोणते मोजमाप मर्यादेबाहेर गेले, एवढेच तो सांगतो. ते का गेले, हे सांगत नाही. मिश्रणात हवा जास्त असल्याची तक्रार ऑक्सिजन सेन्सरच्या मोजमापातून येते, म्हणून अनेक ठिकाणी तो सेन्सरच बदलला जातो. प्रत्यक्षात इन्टेकचा एखादा रबरी पाइप चिरलेला असतो, न मोजलेली हवा आत शिरत असते आणि सेन्सर बिचारा खरे तेच सांगत असतो. चोर सोडून संन्याशाला फाशी देण्याचा हा प्रकार आहे. नवा सेन्सरही तेच खरे सांगू लागतो आणि दिवा पुन्हा लागतो.

जाणकार मेकॅनिक संकेतांकावर न थांबता चालू इंजिनाचे आकडे पाहतो. मिश्रण योग्य राखण्यासाठी संगणक इंधनाचे प्रमाण सतत किती टक्क्यांनी वाढवतो किंवा घटवतो आहे, याला ‘फ्यूल ट्रिम’ म्हणतात. निरोगी इंजिनात हा आकडा शून्याच्या आसपास, साधारणपणे दहा टक्क्यांच्या आत हलत असतो. इंजिन आयडलिंगवर असताना तो बराच वाढलेला असेल आणि वेग वाढवल्यावर खाली येत असेल, तर कोठून तरी हवा गळते आहे असा संशय घ्यावा. कारण आयडलिंगवर एकूण हवाच थोडी असल्याने लहानशी गळतीही मोठी ठरते. याउलट आयडलिंगवर आकडा ठीक आणि जोर लावल्यावर वाढत असेल, तर इंधनाचा पुरवठा अपुरा पडतो आहे. पंप अशक्त झाला आहे किंवा फिल्टर चोंदला आहे. एकच संकेतांक, पण दोन भिन्न कारणे, आणि एकही भाग न बदलता ती वेगळी करता येतात.

आणखी एक फसवी गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. जुना सेन्सर काढून नवा बसवताना कनेक्टर निघतो आणि पुन्हा दाबून बसतो. या घासण्याने पिनांवरचा गंज खरवडला जातो आणि काही दिवस गाडी झकास चालते. श्रेय नव्या सेन्सरला मिळते. पंधरवड्याने बिघाड परत आला की ‘नवा भागही डुप्लिकेट निघाला’ असे म्हणून तिसरा बसवला जातो. मूळ दोष मात्र वायरच्या टोकावर तसाच असतो. म्हणून भाग बदलल्यावर गाडी सुरळीत झाली, एवढ्यावरून तो भागच दोषी होता हे सिद्ध होत नाही. काढलेला जुना भाग पुन्हा लावून बिघाड परत येतो का, हे पाहणारा मेकॅनिक विरळा. परंतु खात्री पटवणारी चाचणी तीच.

गोव्यात बनलेल्या स्पोर्ट्स कारचा धडा

हाच महामार्ग पुढे ज्या गोव्यातून जातो, तेथे नव्वदच्या दशकाच्या अखेरीस ‘सॅन स्टॉर्म’ नावाची छोटी स्पोर्ट्स कार तयार होऊ लागली. दोन आसने, फायबरग्लासची बॉडी आणि रेनो कंपनीचे १,१४९ घनसेंटिमीटर क्षमतेचे पेट्रोल इंजिन असा तिचा संसार होता. इंजिन मोठे नव्हते; पण हलक्या बॉडीमुळे गाडी चपळ वाटे. तिची संख्या मर्यादितच राहिली आणि आता तिचे उत्पादनही बंद झालेले आहे. हट्टी बिघाड समजून घेण्यासाठी मात्र ती एक उत्तम उदाहरण आहे.

सामान्य मोटारीत बॅटरीची धन बाजू तारेने प्रत्येक उपकरणापर्यंत जाते आणि परतीचा प्रवाह पोलादी बॉडीतूनच बॅटरीच्या ऋण टोकाकडे येतो. यालाच गॅरेजच्या भाषेत अर्थ किंवा अर्थिंग म्हणतात. फायबरग्लासमधून वीज वाहत नाही. त्यामुळे अशा गाडीत परतीसाठी तारा वेगळ्या टाकाव्या लागतात आणि त्यांची टोके चासीला किंवा इंजिनाला नट-बोल्टने आवळावी लागतात. या सांध्यांना गंज चढला की प्रवाह आडवाटा शोधू लागतो. हेडलाइट लावला की इंजिन अडखळते, पंखा सुरू झाला की तापमानाचा काटा उडी मारतो, हॉर्न वाजवला की आरपीएमचा काटा हलतो. एकमेकांशी संबंध नसलेल्या अशा तक्रारी एकत्र दिसल्या, की अनुभवी ऑटो इलेक्ट्रिशियन प्रथम अर्थिंगकडे वळतो. फायबरग्लास बॉडीच्या परदेशी स्पोर्ट्स कारनाही हे दुखणे चुकलेले नाही.

कोकणची हवा या दुखण्याला पोषक आहे. पावसाळ्यात रायगड जिल्ह्यात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पेण तालुक्याच्या पश्चिमेला धरमतरची खाडी आहे आणि हवेत खारटपणा आहे. त्यात गाडी बुटकी असल्याने रस्त्यावर साचलेले पाणी थेट इंजिनाखालच्या तारांवर उडते. पनवेल ते इंदापूर या टप्प्याचे चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू झाले आणि दहा वर्षे उलटूनही रखडलेलेच राहिले. त्या काळातील खड्ड्यांनी किती गाड्यांचे सांधे सैल केले असतील, याची कल्पना या रस्त्याने गेलेल्या प्रत्येकाला आहे.

अर्थिंगचा दोष शोधण्यासाठी लाखोंचा स्कॅनर लागत नाही. साधा मल्टिमीटर पुरतो. त्याचे एक टोक बॅटरीच्या ऋण टोकाला आणि दुसरे इंजिनाच्या उघड्या धातूला लावून स्टार्टर फिरवायचा. सांधे निरोगी असतील, तर मीटरवर व्होल्टचा किरकोळ अंश दिसतो. आकडा अर्ध्या व्होल्टच्या पुढे जाऊ लागला, तर परतीच्या वाटेत अडथळा आहे असे समजावे. तार नुसती पाहून किंवा तिचा रोध मोजून हे कळत नाही. कारण दहा पदरांपैकी एकच पदर शाबूत असलेली तारही प्रवाह नसताना निर्दोषच दिसते. ओझे पडल्यावरच तिचे खरे रूप उघड होते. पॉलिश पेपर, नवा बोल्ट आणि थोडे ग्रीस एवढ्यावर मिटणाऱ्या दुखण्यासाठी इंजिनाचा संगणक बदलण्याचा सल्ला दिला जातो, तेव्हा काखेत कळसा आणि गावाला वळसा ही म्हण आठवल्याशिवाय राहत नाही.

चांगला मेकॅनिक कसा काम करतो

निष्णात वैद्य नाडीला हात लावण्यापूर्वी रुग्णाचे म्हणणे ऐकून घेतो. भरवशाचा मेकॅनिकही बॉनेट उघडण्यापूर्वी प्रश्न विचारतो. बिघाड थंड इंजिनात होतो की गरम? कोणत्या वेगाला, कोणत्या गिअरमध्ये? पाऊस पडत असताना की कोरड्या हवेत? पेट्रोल कोठे आणि केव्हा भरले? गाडी किती दिवस उभी होती? यापूर्वी कोणी काय बदलले? गाडी अर्ध्या तासाने बंद पडून थंड झाल्यावर सुरू होत असेल, तर गरम झाल्यावर निकामी होणारा क्रँक सेन्सर, इग्निशन कॉइल किंवा इंधनपंप यांच्याकडे संशयाची सुई वळते. केवळ एका उत्तराने शोधाचे क्षेत्र निम्म्यावर येते.

दुसरी पायरी म्हणजे बिघाड स्वतः अनुभवणे. मालकाबरोबर, किंवा शक्य तर स्वतः चालवून, ज्या परिस्थितीत गाडी अडखळते ती परिस्थिती निर्माण करणे. जो बिघाड प्रत्यक्ष पाहिला नाही, तो दूर झाला की नाही हे कळण्यास मार्ग नसतो. त्यामुळे चांगला मेकॅनिक गाडी दोन-तीन दिवस ठेवून घेतो. घाईच्या मालकाला ते टोलवाटोलवी वाटते. प्रत्यक्षात ती कामाची निकड असते.

तिसरी पायरी, आधी फुकटच्या चाचण्या. पहिल्या सिलिंडरमध्ये ज्वलन चुकत असल्याचा संकेतांक आला, तर पहिल्याची कॉइल दुसऱ्यावर आणि दुसऱ्याची पहिल्यावर लावायची. आता तक्रार दुसऱ्या सिलिंडरकडे सरकली, तर कॉइल दोषी. पहिल्यावरच राहिली, तर कॉइल निर्दोष. मग हाच प्रयोग प्लग आणि इंजेक्टर यांच्यावर करता येतो. पाच मिनिटांच्या या अदलाबदलीला एक रुपयाही लागत नाही.

ठिणगी आणि इंधन निर्दोष ठरले, तर कॉम्प्रेशन मोजले जाते. एका सिलिंडरचा दाब इतरांपेक्षा बराच कमी भरला, तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजतात. दाब वाढला, तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या आहेत, कारण तेलाने तेवढ्यापुरती फट बुजवली. वाढला नाही, तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट पाहावे लागते. हवेची गळती शोधण्यासाठी इन्टेकमध्ये हलका धूर सोडतात; जेथून धूर निघतो तेथे चीर. यांपैकी कोणतीही चाचणी गूढ नाही. आयटीआयच्या दोन वर्षांच्या ‘मेकॅनिक मोटार व्हेइकल’ अभ्यासक्रमातून बाहेर पडणाऱ्या तरुणालाही या गोष्टींची ओळख असते. दुर्मीळ असते ती क्रमाने जाण्याची शिस्त. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, परिणाम पाहायचा, लिहून ठेवायचा. एकाच दिवशी प्लग, कॉइल आणि पंप बदलल्यावर गाडी सुधारली, तर कशामुळे सुधारली हे कोणालाच कळत नाही.

स्पोर्ट्स कारच्या बाबतीत या शिस्तीला काही विशेष जाणकारीची जोड लागते. टर्बोच्या गाडीत दाबाखालील हवेचे पाइप अनेक असतात आणि त्यांपैकी एक निसटला तरी जोर निम्मा होतो. उच्च कॉम्प्रेशनच्या इंजिनाला ठरावीक ऑक्टेनचे पेट्रोल लागते. ते न मिळाल्यास नॉक सेन्सरच्या सूचनेवरून संगणक ठिणगी उशिरा देतो आणि गाडी सुस्त वाटते. येथे बिघाड इंजिनात नसून टाकीत असतो. २०२३ पासून २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल टप्प्याटप्प्याने येऊ लागले आणि २०२५ पर्यंत ते देशभर पोहोचले. इथेनॉल हवेतील ओलावा शोषते आणि त्यासाठी न बनवलेल्या जुन्या रबरी नळ्या व सील यांना त्याचा त्रास होऊ शकतो. महिनोन् महिने गॅरेजमध्ये उभ्या राहणाऱ्या हौशी गाडीला हे अधिकच लागू पडते. जुन्या गाडीच्या इंधनव्यवस्थेची तपासणी म्हणूनच शोधाच्या यादीत वर असायला हवी.

पारख कशी करावी

विश्वासाचे दोन घटक आहेत, ज्ञान आणि सचोटी. प्रामाणिक पण अननुभवी मेकॅनिक मनापासून चुकीचा भाग बदलतो. जाणकार पण अप्रामाणिक मेकॅनिक जाणूनबुजून बदलतो. मालकाच्या खिशाला दोघांचा फटका सारखाच. दोन्ही घटकांची पारख एकाच प्रश्नाने होऊ शकते, ‘हाच भाग खराब आहे हे कशावरून?’ उत्तरात एखादे मोजमाप, एखादी चाचणी, दाखवता येण्याजोगी खूण असेल, तर पुढे जावे. ‘या गाड्यांना हे नेहमीच होते’ हे उत्तर अनुभवाचे असू शकते, पण ते संशयाचे कारण आहे. निदानाचा पुरावा नव्हे. त्यानंतरचा दुसरा प्रश्नही विचारावा, ‘हा भाग बदलूनही बिघाड राहिला, तर पुढे काय?’ ज्याच्याकडे पुढची पायरी तयार आहे, त्याने विचार केलेला आहे. ‘मला हे जमणार नाही, अमक्याकडे जा’ असे सांगणारा मेकॅनिक तर जपून ठेवावा असाच.

आपल्याकडे गॅरेजचे काम परंपरेने विभागलेले आहे. इंजिनाचे काम मेकॅनिककडे, तारांचे ऑटो इलेक्ट्रिशियनकडे, एसीचे तिसऱ्याकडे. हट्टी बिघाड अनेकदा नेमका या हद्दींच्या मध्ये दडून बसतो आणि दोघेही एकमेकांकडे बोट दाखवतात. म्हणून ज्या गॅरेजमध्ये ही दोन्ही कामे जाणणारी माणसे एकत्र बसून विचार करतात, ते शोधावे. महामार्गावरील मेकॅनिक ट्रक आणि टेम्पोच्या डिझेल इंजिनात मुरलेले असतात. त्यांचे कसब कमी प्रतीचे नसते, पण ते वेगळे असते. स्पोर्ट्स कारसाठी त्याच बनावटीच्या गाडीवर काम केलेला माणूस शोधणे इष्ट. अधिकृत वर्कशॉप सोडून स्वतंत्रपणे काम करणारे अनुभवी तंत्रज्ञ, जुन्या गाड्यांच्या हौशी मालकांची मंडळे, मुंबईतील १९१९ पासूनची वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन अशा ठिकाणी चौकशी केल्यास नावे मिळतात. ज्या गाडीचा निर्माताच उरलेला नाही, तिच्यासाठी तर मालकांचे आपसातले नातेच खरे सर्व्हिस सेंटर ठरते. कोणता भाग दुसऱ्या कोणत्या गाडीचा बसतो, ही माहिती तेथेच टिकून असते.

सर्वांत अवघड गोष्ट म्हणजे निदानाचे पैसे देणे. नुसते तपासण्याचे दोन-तीन हजार रुपये कशाला, असे अनेकांना वाटते. परिणामी मेकॅनिकला आपली मजुरी भागांच्या विक्रीतूनच काढावी लागते आणि अंदाजाने भाग बदलण्याची प्रथा फोफावते. समजा, चार संशयित भाग आहेत आणि प्रत्येकाची किंमत आठ हजार रुपये आहे. अंदाजाने एकामागून एक बदलत गेल्यास बत्तीस हजारांपर्यंत खर्च होऊ शकतो आणि दोष तारेत असेल, तर तोही वाया जातो. चार तासांच्या तपासणीची रास्त मजुरी यापेक्षा कितीतरी कमी असते. बिघाड सापडला नाही तरी तपासणीचे पैसे द्यावेत, कारण काय खराब नाही हे कळणेही मोलाचे आहे. त्या बदल्यात केलेल्या चाचण्या आणि आलेले आकडे लेखी मागून घ्यावेत.

काही व्यावहारिक पथ्ये पाळल्यास पुढील वाद टळतात. अंदाजपत्रक लेखी घ्यावे. ठरलेल्या रकमेपुढे जाण्याआधी फोन करण्याची अट घालावी. बदललेले जुने भाग परत मागावेत, आणि हे काम सुरू होण्यापूर्वीच सांगावे. रीतसर बिल घ्यावे. सेवेतील त्रुटीबद्दल ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ हा आहे. परंतु बिलाशिवाय हातात काहीच राहत नाही.

मालकाचाही वाटा

निदानातील अर्धी माहिती मालकाकडेच असते. गाडीत एक वही ठेवून प्रत्येक प्रसंगाची तारीख, वेळ, तापमानाचा काटा, पेट्रोलची पातळी, वेग आणि हवामान टिपून ठेवावे. दहा नोंदींनंतर जे सूत्र दिसू लागते, ते कोणत्याही स्कॅनरला दिसत नाही. मोबाइलवर काढलेले आवाजाचे वा डॅशबोर्डचे चित्रीकरणही उपयोगी पडते. दिवा लागला म्हणून बॅटरीची तार काढून तो घालवू नये. संकेतांकाबरोबर बिघाडाच्या क्षणीचे वेग, तापमान, दाब इत्यादी आकडे संगणकाने गोठवून ठेवलेले असतात. तार काढली की तो पंचनामाच पुसला जाण्याची शक्यता असते. आधीच्या गॅरेजमध्ये काय झाले, बाहेरचे म्युझिक सिस्टिम, अलार्म वा जादा दिवे कोणी बसवले, हेही लपवू नये. हट्टी विद्युत दोषांचा माग पुष्कळदा अशाच कापून जोडलेल्या तारांपर्यंत जातो.

माहिती कोणाच्या हाती?

स्वतंत्र मेकॅनिक कितीही हुशार असला, तरी गाडीच्या वायरिंगचा नकाशा, कंपनीचे निदान-यंत्र आणि अस्सल भाग त्याला मिळाले नाहीत, तर त्याचे हात बांधलेलेच राहतात. हा प्रश्न भारतीय स्पर्धा आयोगापुढे २०११ मध्ये शमशेर कटारिया यांच्या तक्रारीतून आला. २५ ऑगस्ट २०१४ रोजी आयोगाने १४ मोटार कंपन्यांना एकूण सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग आणि निदानाची साधने स्वतंत्र दुरुस्तीकारांना उपलब्ध करून द्यावीत आणि केवळ बाहेर दुरुस्ती केली म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करू नये, असे या आदेशाचे सार होते. दंडाचा वाद पुढे अपिलांमध्ये गेला. परंतु मोटार विकत घेणाऱ्याला ती कोठे दुरुस्त करावी हे ठरवण्याचा अधिकार असावा, हे तत्त्व त्यातून ठळक झाले. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये ‘दुरुस्तीच्या अधिकारा’साठी समिती नेमली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्यासाठीचे संकेतस्थळ सुरू केले. मोटारी हे त्या विचारातील एक प्रमुख क्षेत्र होते. शहरापासून दूर, जित्यासारख्या गावाजवळ अडकलेल्या माणसाला याचे महत्त्व अधिक जाणवते. जवळच्या मेकॅनिकला नकाशा मिळाला, तर त्याची गाडी तेथेच दुरुस्त होऊ शकते. न मिळाल्यास ती मुंबई किंवा पुण्याला वाहून न्यावी लागते.

रस्त्यातच अडल्यास

इंजिनाचा दिवा स्थिर असेल आणि गाडी ठीक चालत असेल, तर सावकाश पुढे जाता येते. तो लुकलुकत असेल, तर मात्र जोर कमी करून सुरक्षित जागी थांबावे. अशा वेळी न जळलेले पेट्रोल सायलेन्सरच्या मार्गातील कॅटलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळते आणि एका कॉइलचे काम मोठ्या खर्चावर जाते. तापमानाचा काटा चढला तर इंजिन बंद करावे आणि रेडिएटरचे झाकण गरम असताना उघडू नये. साचलेल्या पाण्यात गाडी बंद पडली, तर पुन्हा स्टार्टर मारण्याचा मोह टाळावा. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही; सिलिंडरमध्ये पाणी शिरले असल्यास कनेक्टिंग रॉड वाकतो आणि किरकोळ बिघाडाचे रूपांतर संपूर्ण इंजिन खोलण्यात होते.

गाडी कडेला घेऊन धोक्याचे दिवे आणि त्रिकोण लावावा, प्रवाशांनी रस्त्यापासून दूर उभे राहावे. राष्ट्रीय महामार्गावर मदतीसाठी १०३३ हा क्रमांक आहे. स्पोर्ट्स कार दोरीने ओढण्याऐवजी सपाट फलाटाच्या गाडीवर चढवून न्यावी. बुटक्या गाडीचा पुढचा भाग आणि स्वयंचलित गिअरबॉक्स या दोघांनाही ते मानवते. रस्त्याकडेच्या मेकॅनिकने तात्पुरता काही जुगाड करून गाडी सुरू करून दिली, तर त्याने नेमके काय केले हे विचारून वहीत लिहून घ्यावे. शहरातील गॅरेजमध्ये पोहोचल्यावर तीच नोंद निदानाचा पहिला धागा ठरू शकते.